ह्यांचं जेवण झाल्यावर

आमच्या घरात पोट बिघडलेला माणूस मी होतो. ही गोष्ट घरात, भावकीत, दुकानावर येणाऱ्या गिऱ्हाइकांत, सगळ्यांना ठाऊक होती. लग्नाच्या पंगतीत वाढपी माझ्या पत्रावळीपाशी थबकायचा आणि आमटीची बादली पुढं नेत वरणवाल्याला हाक मारायचा. मला त्यात कमीपणा वाटत नसे. खरं सांगायचं तर बरंच वाटायचं. दुखणेकऱ्याला घरात जो एक मान मिळतो, तो मी कितीतरी वर्षं घेत आलो होतो.

माझं नळदुर्गला हमरस्त्याच्या कडेला मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरमधल्या मोटारी जळाल्या की शेतकरी त्या माझ्याकडं आणतात. मी जळालेली तार काढतो आणि नवी भरून देतो. शेतीची वीज कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की प्रत्येकाला मोटार त्याच संध्याकाळी हवी असते, कारण पिकाला पाणी रात्रीच धरायचं असतं. त्यामुळं दुकान बंद करायला नऊ वाजून जायचे. गाव तिथून फार लांब नाही, पण मी सरळ निघतही नसे. कुणीतरी गप्पांना थांबलेलं असायचं. घरी पोचायला दहा, साडेदहा.

मी पोचलो की बायको तवा ठेवायची. माझ्यापुढं तव्यावरची गरम भाकरीच आली पाहिजे, हा आमच्या घरचा रिवाज. तो कुणी घालून दिला मला माहीत नाही, पण मी तो मोडला नव्हता. मी अर्धी भाकरी खायचो, फार तर पाऊण. तेवढ्यानंच छातीत जळजळ सुरू व्हायची, आंबट ढेकर यायचे, आणि मी तोंड वाकडं करून उठायचो. बायको विचारायची, तिखट झालं का? मी मान हलवायचो. दुसऱ्या दिवशी ती एक मिरची कमी टाकायची. असं करत करत शेवटी आमच्याकडं दोन भांडी शिजायला लागली. एकात आईला लागते तशी लालभडक येसर आमटी, दुसऱ्यात माझ्यासाठी पिवळं पाणी. ताकाला हिंग-जिरं, जेवणावर भाजलेला ओवा, सकाळी पोट साफ व्हावं म्हणून कोमट पाण्याचा तांब्या. हे सगळं माझ्यासाठी आणि सगळं तिच्या हातचं. सकाळी मी परसाकडून आलो की आई ओसरीवरून मोठ्यानं विचारायची, "झालं का रं?" आणि शेजारच्यांनाही उत्तर कळायचं.

घरात आम्ही तिघंच. मुलीचं लग्न झालंय. आईचं वय झाल्यामुळं ती साडेसात-आठला जेवून घेते. बायको तिला वाढायची, आणि तीही तेव्हाच आईसोबत दोन घास खात असेल असं मी धरून चाललो होतो. मला माहीत नव्हतं असं म्हणणं सोपं आहे. पण मी विचारलंच नव्हतं, हे जास्त खरं.

तिची कंबर दुखायची. हरभऱ्याच्या खुरपणीनंतर एकदा फारच धरली, तेव्हा मी नळदुर्गच्या मेडिकलमधून दुखीच्या गोळ्या आणल्या. डॉक्टरला न विचारताच. तिला आराम पडला, मग मी परत आणल्या, आणि पुढं आणतच राहिलो. पाकीट संपलं की ती रिकामं पाकीट माझ्या डब्याच्या पिशवीत टाकायची, मी संध्याकाळी नवीन आणायचो. मला वाटायचं, मी बायकोची काळजी घेतोय. मग तिच्याही पोटात दुखायला लागलं. ती म्हणाली, वरच्या पोटात कुरतडल्यासारखं होतंय. मी म्हणालो, माझ्यातली ॲसिडिटीची गोळी घे. घरात पोटाचा जाणकार मीच होतो ना.

ती वाळत चालली होती. पोलकी ढिली झाली तेव्हा तिनं ती आतून शिवून घेतली. मी ते पाहिलं आणि विसरलो. मग एका सकाळी अंगणात बादली उचलताना तिला चक्कर आली आणि ती खाली बसली. चेहरा पांढराफटक. आईनं तिला विचारून विचारून काढून घेतलं की गेले काही दिवस तिला काळं होतंय, डांबरासारखं. सासूजवळसुद्धा तिनं ते पदराआड तोंड घेऊन सांगितलं.

मी तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी मला विचारलं, जेवण कधी, चहा किती, काही गोळ्या चालू आहेत का. मी सगळ्याची उत्तरं दिली. आमच्याकडं असंच असतं. दुखणं बाईचं असलं तरी बोलतो तो नवरा. जेवण वेळेवर, मी म्हणालो. रात्री आठला. गोळ्या अधूनमधून. ती शेजारी स्टुलावर बसून समोरच्या भिंतीकडं पाहत होती. डॉक्टरांनी सोलापूरला नेऊन दुर्बिणीनं तपासून घ्या म्हणून सांगितलं. आणि आवाज खाली आणून मला म्हणाले, उशीर करू नका.

तिची मावशी, ईट गावची, पोटाच्याच दुखण्यानं गेली होती. काळं व्हायला लागलं, सोलापूरला नेलं, आणि दिवाळीआधी गेली. हे मला आठवत होतं आणि तिलाही आठवत होतं, पण एसटीत आम्ही दोघंही रस्त्याकडच्या ढाब्यांविषयी बोलत राहिलो. कुठला बंद पडला, कुठल्यानं नवीन पत्रे टाकले. ती मध्येच म्हणाली, "मला काय झालं तर आत्याला मुलीकडं पाठवू नका. तिथं त्यांचं मन लागायचं न्हाय." आत्या म्हणजे माझी आई. मी पुढच्या ढाब्याची पाटी वाचून दाखवली.

तिला आत नेलं तेव्हा मी बाहेरच्या बाकड्यावर बसलो होतो. आईचा फोन आला. काय झालं, काय झालं. मी म्हणालो, अजून काही नाही. आई म्हणाली, "म्या देवीला बोललीय. सून नीट घरी आली की ती पाच मंगळवार निर्जळी उपास धरंल." मी बरं म्हणालो आणि तुळजापूर त्या भिंतीपलीकडं कुठल्या बाजूला येतं याचा अंदाज घेत हात जोडले.

डॉक्टर बाई होत्या, वयानं माझ्याएवढ्या. तपासणी झाल्यावर त्यांनी आधी तिला एकटीलाच आत बोलावलं. मी उठलो तर नर्स म्हणाली, तुम्ही थांबा. मला राग आला. माझ्याशिवाय तिला काय सांगता येणार, असं वाटलं. बऱ्याच वेळानं मला बोलावलं.

बाईंनी विचारलं, "तुम्ही रात्री घरी किती वाजता येता?"

मला कळेना, पोट हिचं आणि हे मला का विचारतायत. दहा-साडेदहा, मी म्हणालो.

"मग ह्या जेवतात कधी?"

"आठला. आईबरोबर."

बाईंनी तिच्याकडं पाहिलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. ती म्हणाली, "ह्यांचं झाल्यावर."

एवढंच. तिचा आवाज तक्रारीचा नव्हता. आज काय भाजी केली असं विचारल्यावर सांगावं तसा. बाईंनी मग मला सगळं सांगितलं. आतड्याच्या तोंडाशी घाव झालाय, त्यातून रक्त जातंय. तसा तो जंतूंमुळंही होतो आणि दुखीच्या गोळ्यांनीही. हिच्या बाबतीत दोन्ही दिसतंय. गोळ्या ही रोज दिवे लागायच्या वेळेला घेत होती, चहावर, कारण कंबर तेव्हाच धरायची आणि जेवण अजून तीन तास लांब असायचं. जेवल्यावर घ्या असं मेडिकलवाल्यानं मला सांगितलं होतं आणि मी तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, तसंच करायचं म्हटलं तर झोपायचीच वेळ यायची.

"आणि तो दुसरा रोग?" मी विचारलं. त्याचं नाव घ्यायचं धाडस झालं नाही.

त्या म्हणाल्या, मला तसं वाटत नाही, पण तुकडा तपासायला पाठवलाय. आठवड्यानं कळेल.

तो आठवडा मी इथं लिहीत नाही. रिपोर्ट चांगला आला. बाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा मी दुकानात होतो, समोर उघडलेली मोटार होती. मी तसाच उठलो, शटर अर्धं ओढलं आणि आत जमिनीवर बसून राहिलो. बाहेर एकजण हाक मारत होता, मोटार झाली का, मोटार झाली का.  इतकं हलकं मला मुलीच्या जन्माच्या वेळीही वाटलं नव्हतं. मग मी घरी फोन केला. ती म्हणाली, बरं झालं. आणि लगेच, तुम्ही जेवलात का?

घरी पहिला प्रश्न आला तो उपासाचा. डॉक्टर बाईंनी स्पष्ट बजावलं होतं. उपास नाही, रिकाम्या पोटी चहा नाही, दुखीची गोळी अजिबात नाही, तीन वेळा वेळेवर जेवण आणि मध्ये काहीतरी थोडं. रात्रीचं जेवण झोपायच्या आधी निदान दोन-तीन तास. आई ऐकून म्हणाली, ते बाईचं झालं, देवीचं काय? देवीला बोलून चुकली होती. शेवटी मी म्हणालो, उपास मी करतो. आईनं माझ्याकडं आपादमस्तक पाहिलं.

"तुला झेपंल का? तुला पिवळं पाणी पचत न्हाय."

पण बोललेलं फेडायचं तर घरात दुसरं माणूसही नव्हतं. आईनंच मध्यममार्ग काढला. निर्जळी नको, पाणी प्यायचं. संध्याकाळी देवीपुढं दिवा लावला की मग जेवायचं. देवी समजून घेईल.

दुसरं म्हणजे मी दुकान सात वाजता बंद करायला लागलो. काही गिऱ्हाइकं तुटली, ती तुटली. साडेसातला आम्ही तिघं एकत्र जेवायचं असं मी जाहीर केलं. ते ऐकायला सोपं वाटतं. पहिल्याच दिवशी अडलं ते भाकरीवर. मला तव्यावरची गरम भाकरी लागणार, मग ती चुलीपाशी बसणार, मग ती जेवणार कधी? इतकी वर्षं जेवलो, पण हे गणित माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. एकाला गरम भाकरी म्हणजे दुसऱ्यानं उपाशी बसणं. मी म्हणालो, आधी सगळ्या थाप आणि फडक्यात गुंडाळून ठेव. तिला ते पटेना. गार भाकरी ताटात घालणं म्हणजे तिला पाहुण्याला दारात उभं ठेवल्यासारखं वाटत होतं. दोन दिवस तिनं माझ्यापुरती एक शेवटची भाकरी तव्यावर ठेवायची युक्ती केली आणि ती करपली, कारण ती जेवताजेवता उठत होती. तिसऱ्या दिवशी फडक्यातली भाकरी आली. मऊ, थोडी दमट, ज्वारीचा वास आत कोंडलेली. मला ती गरम भाकरीपेक्षा आवडली, हे मी सांगितलं तर ती म्हणाली, आता गोड बोलू नका.

आई मात्र त्या दिवशी आमच्याकडं पाठ करून जेवली. सुनेनं नवऱ्याच्या शेजारी ताट घेऊन बसायचं हे तिच्या डोळ्यांना बघवेना. मी समजवायला गेलो, डॉक्टरांनी असं असं सांगितलंय. आई भिंतीकडं तोंड करूनच म्हणाली, आम्ही काय केलं मग? आम्ही मेलो का? मी परत माझ्या ताटाकडं वळलो. मग तीच बोलायला लागली. तिचा स्वर बदलला होता.

"तुझा बाप बाजारला गेला की कधी यील त्याचा भरवसा नसायचा. म्या चुलीपुढं बसून शेंगदाणे खायची. ओच्यात घेऊन. सासूनं बघितलं की म्या म्हणायची, चटणीला भाजलेत का बघते. एवढे शेंगदाणे बघायला लागायचे मला." मग ती सुनेकडं वळली. "तुला तेवढंबी जमलं न्हाय. शाळा शिकलीस म्हणं सातवीपतुर."

बायको हसायला लागली. घास तोंडात असताना हसल्यामुळं तिला ठसका लागला, आणि आईनंच तिच्यापुढं तांब्या सरकवला. दुसऱ्या दिवसापासून आई आमच्याकडं तोंड करून बसली. तिचं म्हणणं एवढंच उरलं की बिनतिखटाचं कालवण जनावराला घालतात.

माझं पोट कधी सुधारलं ते मला दिवस धरून सांगता येणार नाही. एका सकाळी आईनं ओसरीवरून विचारलं, झालं का रं, आणि माझ्या लक्षात आलं की मला आता त्या प्रश्नाची गरजच उरली नाही. ढेकर थांबले. ओव्याची डबी शर्टाच्या खिशात नुसती वाजत राहायची. सकाळी दुकानाला जाण्याआधी ताकातल्या ज्वारीच्या कण्या, दुपारी दोन भाकरी आणि पालेभाजी, साडेसातला जेवण आणि मग विहिरीपर्यंत एक चक्कर. हे काही औषध नाही. डॉक्टर बाईंनी ते तिला सांगितलं होतं, मी नुसता सोबत जेवत होतो. आणि अजून एक गोष्ट बदलली होती, जिच्याबद्दल मी घरात अवाक्षर काढलं नव्हतं. त्याकडं येतो.

ज्वारीला पाणी द्यायचे दिवस आले आणि रात्रीची वीज सुरू झाली. दुकानापुढं जळालेल्या मोटारींची रांग लागली. दारात बसलेल्या माणसाला मी सात वाजले म्हणून कसं उठवणार? मी घरी फोन करायचो, आज उशीर होईल, तू जेवून घे. ती बरं म्हणायची. घरी आलो की म्हणायची, जेवले मी. पण एके सकाळी आई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, ती खोटं बोलतीय. ताट खरकटं करून ठेवते आणि तुझी वाट बघते. आता मात्र मी घाबरलो. घाव पुरता भरलेला नव्हता. बाईंनी दिलेल्या गोळ्यांचा डोस संपला होता, पण पुढच्या महिन्यात परत दाखवायला जायचं होतं, आणि बाईंनी सांगितलं होतं की जेवणात चालढकल केली तर परत इथंच याल.

तो मंगळवार होता, माझ्या उपासांपैकी तिसरा. संध्याकाळी दुकानात कुणीतरी शेजारच्या गाड्यावरून भजी मागवली. कागदावर गरम कांदाभजी आणि तळलेल्या मिरच्या. मी नको म्हणालो तर सगळे हसले. आठ वाजले. तार भरताना माझी वेढ्यांची मोजणी चुकायला लागली. पोटात आधी आग, मग एक पोकळ कळ, मग डोकं जड. कुणी साधं काही विचारलं तरी मी त्याच्या अंगावर जात होतो. आणि तेव्हा मला समजलं, समजलं म्हणजे अंगात समजलं, की हे आठ वाजता आहे. ती साडेदहापर्यंत बसायची. रोज. वर ती गोळी घेऊन.

मी हातातलं काम तसंच ठेवलं. मोटारवाल्याला म्हणालो, उद्या सकाळी सहाला उघडतो. तो चिडला. मी निघालो.

घरी पोचलो तर ती वाट बघत होती. दिव्यात तेल घालून ठेवलं होतं. मी म्हणालो, तू जेवली नाहीस. ती खोटं बोलली नाही. "तुमचा उपास. तुम्ही तिकडं उपाशी, आणि म्या कशी खाऊ? आज म्हणून न्हाय. कधीच उतरत न्हाय घास. दिवसभर राबून माणूस उपाशी येतो."

मी दिवा लावला. आम्ही जेवायला बसलो. मी दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागितली. ती माझ्या ताटाकडं बघत राहिली आणि म्हणाली, हल्ली तोंड वाकडं करत न्हाय तुम्ही.

तेव्हा मी सांगितलं. इतकी वर्षं न सांगितलेलं. मी उपाशी येत नव्हतो. रोज संध्याकाळी साडेसहा-सातला दुकानात भजी यायची, नाहीतर वडे, नाहीतर मिसळ. मी पोटभर खायचो. वर दोन चहा. त्यामुळं साडेदहाला अर्धी भाकरी जात नव्हती, आणि त्यामुळंच जळजळत होतं. तिच्या मिरचीमुळं नाही. सोलापूरहून आल्यापासून मी ते बंद केलंय, आणि माझं पोट बरं झालंय ते त्यामुळं.

आई मघाशीच जेवून आडवी झाली होती, ती उठून बसली.

"रोज?" बायकोनं विचारलं.

"बहुतेक रोज."

"आणि म्या कालवणातली मिरची कमी करत बसले."

मी हातातली भाकरी ताटात ठेवली.

"दोन दोन भांडी," ती म्हणाली. "दोन दोन भांडी घासली म्या."

तिनं ताट उचललं आणि मोरीवर नेऊन ठेवलं. जेवण झालं होतं तिचं, ते मी आधी पाहून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. डबा दिला, पण दारातून दिला. आई मात्र दिवसभर बोलत होती. त्यानंतर कुठं भजी तळल्याचा वास आला की ती मला विचारायची, दुकानचा का घरचा? संध्याकाळी मी साडेसातला आलो तर चुलीवर एकच भांडं होतं. लाल येसर आमटी. बायकोनं माझ्या वाटीत पळी भरून ओतली आणि विचारलंही नाही. मी खाल्ली. नाकातून, डोळ्यांतून पाणी आलं, पण पोटाला काही झालं नाही. तिच्या वाटीत मात्र तिनं स्वतःसाठी आमटीवर ताक घालून घेतलं होतं, कारण तिला अजून तिखट चालणार नव्हतं. पहिल्यांदाच आमच्या घरात तिच्या पोटासाठी काहीतरी वेगळं झालं होतं, आणि तेही तिनंच केलेलं.

मी माफी मागितली का? मागितली. विहिरीपर्यंतच्या चकरेत. ती म्हणाली, बरं, बरं, आता ते किती उगाळायचं. तिला माझ्या पश्चात्तापाचा कंटाळा येतो. मला अजूनही रात्री जाग आली की ती पाकिटं आठवतात, रिकामी, डब्याच्या पिशवीत टाकलेली. ते माझं मलाच वाहायचं आहे, तिनं का ऐकून घ्यावं?

उरलेले दोन मंगळवार मी पूर्ण केले. महिन्यानं सोलापूरला दाखवलं. घाव भरला होता. वजन थोडं वाढलं होतं. या वेळी बाईंनी जे विचारलं त्याची उत्तरं तिनं दिली, मी शेजारी बसून होतो. बाईंनी विचारलं, रात्री जेवता कधी? ती म्हणाली, साडेसातला. बाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही, आणि मला ते फार बरं वाटलं. येताना आम्ही एसटी स्टँडवर केळी घेतली. ती म्हणाली, मावशीला कुणी वेळेवर नेलं असतं तर. मग म्हणाली, जाऊ द्या.

पण माझ्या मनातली भीती गेली नव्हती. मी घरात असताना ती जेवते, हे खरं. मी नसताना?

परवा मला लोहारा गावाकडच्या एका विहिरीवर जावं लागलं. मोटार जागेवरच बघायची होती, वर काढणं शक्य नव्हतं. काम लांबलं. सात वाजले, साडेसात वाजले. परत यायला जीप भरायची वाट बघत मी उभा होतो. मी फोन लावला.

बऱ्याच वेळानं तिनं उचलला. मागं बायकांचा आवाज येत होता.

मी विचारलं, जेवलीस?

"व्हय. मघाशीच. आत्याला वाढलं, आमी दोघी जेवलो."

"खरं?"

"आता काय आत्याला विचारताव? बोला त्यांच्याशी." आईनं फोन घेतला, म्हणाली, जेवली बाबा, दीड भाकरी, मी मोजल्या, आणि फोन परत दिला. बायको म्हणाली, "तुमचं झाकून ठिवलंय. गार असंल. तुम्ही सावकाश या."

जीपमध्ये मी मागच्या बाकावर दोन पोत्यांच्या मध्ये बसलो. रस्ता खराब होता. माझं सगळं अंग सैल पडलं होतं, आणि शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलंसुद्धा, काय हो, बरं वाटत न्हाय का? मी म्हणालो, बरं वाटतंय.

घरी आलो तर ती ओट्यावर शेजारणींत बसली होती. मला बघून तिनं पदर सारखा केला, पण उठली नाही. मी आत गेलो, हातपाय धुतले, झाकलेलं ताट काढलं. भाकरी गार होती. चटणी दिसेना, म्हणून मी आतून विचारलं, शेंगाची चटणी कुठं आहे?

"फळीवर, मिठाच्या बरणीमागं," ती बाहेरून म्हणाली, आणि तिचं बोलणं जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू झालं.